धावत्या गाडीचं सीन हेडिंग

समजा, प्रसंग असा आहे. चेन्नईच्या सिरुसेरीतल्या सिपकॉट आयटी पार्ककडे निघालेली कंपनीची बस, सकाळची वेळ, आणि शेजारी बसलेली दोन मराठी मुलं नोकरी सोडावी की नाही यावर वाद घालताहेत. शोलिंगनल्लूर मागे पडतं, नावलूर येतं, वाद चालूच. संवाद झकास जमतात, पण पटकथेत सीन हेडिंग लिहिताना नवा लेखक हमखास अडतो.

गैरसमज : बस रस्त्यावर आहे, म्हणजे एक्स्टिरिअर.

घटना कुठे घडते ते पाहायचं. वाद बसच्या आत आहे, म्हणून ‘इंटिरिअर – कंपनीची बस, धावती – सकाळ’. उद्या छायालेखकाने कॅमेरा बाहेरून लावून काचेतून आत पाहिलं तरी हेडिंग बदलत नाही. कॅमेरा कुठे लावायचा ते दिग्दर्शक आणि तो मिळून ठरवतील. बस लांबून ओएमआर या रस्त्यावर धावताना नुसती दिसणार असेल, तर मात्र एक्स्टिरिअर, आणि ठिकाण म्हणून रस्त्याचं नाव.

‘इंटिरिअर/एक्स्टिरिअर’ असं जोडहेडिंग प्रसंग दोन्हीकडे वाहत असेल तरच शोभतं. थांब्यावर उभा असलेला मित्र खिडकीतून आतल्याशी भांडतोय, असा प्रसंग त्यात बसतो. खात्री नाही म्हणून सगळीकडे जोडहेडिंग टाकणं म्हणजे आपला निर्णय दुसऱ्यावर ढकलणं. मोटारसायकलला आतली बाजूच नाही, ती कायम एक्स्टिरिअर. ट्रकची केबिन इंटिरिअर, मागचा उघडा हौदा एक्स्टिरिअर. रिक्षा बाजूंनी उघडी असली तरी आत बसून चाललेलं बोलणं सहसा इंटिरिअरच लिहितात.

गैरसमज : गाव बदललं की हेडिंग बदलायचं.

सगळ्यांत जास्त नुकसान हाच समज करतो. शूटिंग स्क्रिप्टमध्ये प्रत्येक हेडिंगला स्वतंत्र सीन नंबर पडतो. सहायक दिग्दर्शक पानाचे आठ भाग कल्पून प्रत्येक सीनची लांबी मोजतात आणि त्यावरून वेळापत्रक आखतात. शोलिंगनल्लूर, नावलूर, सिरुसेरी अशी तीन हेडिंगं दिलीत, तर एका सलग वादाचे तीन सीन झाले. वाचणाऱ्याचीही लय तुटते, आणि वादाचा ताण तर त्या लयीवरच उभा असतो. गावं वर्णनाच्या ओळीत येऊ द्या : ‘खिडकीबाहेर नावलूर मागे पडतं.’ मध्ये वेळ उडी मारणार असेल, किंवा दोघं खाली उतरणार असतील, तर नवं हेडिंग हवंच.

‘नवरा माझा नवसाचा’ (2004) आठवा. मुंबई ते गणपतीपुळे हा प्रवास, आणि बहुतेक खेळ एसटीच्या आत. चेन्नईच्या बाजूने पाहिलं तर तमिळ ‘मद्रास टू पाँडिचेरी’ (1966) आहे. त्याचाच हिंदी अवतार ‘बॉम्बे टू गोवा’ (1972). अशा कथांमध्ये बस हेच घर असतं आणि रस्ता खिडकीतून दिसतो तेवढाच.

गैरसमज : ‘धावती’ की ‘उभी’, हे लिहिलं नाही तरी चालतं.

या एका शब्दावर निर्मात्याचा खर्च ठरतो. धावत्या गाडीसाठी ती लो-लोडर ट्रेलरवर चढवावी लागते, नाहीतर तिच्यावर कॅमेऱ्याचे रिग बांधावे लागतात, किंवा स्टुडिओत एलईडी पडद्यासमोर रस्ता उभा करावा लागतो. खऱ्या रस्त्यावर परवानग्या, वाहतूक आणि आवाजाचा त्रास वेगळा. उभ्या गाडीत यातलं जवळपास काहीच लागत नाही. म्हणून प्रसंग सिग्नलला थांबलेल्या गाडीत तितकाच रंगत असेल, तर तसा लिहून पाहावा.

गाडीचा रंग आणि मॉडेल हेडिंगमध्ये नको. कथेला गरज असेल तर वर्णनात एकदा सांगावं. नाव मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा. एका पानावर ‘कंपनीची बस’ आणि दुसऱ्यावर ‘ऑफिस बस’ लिहिलंत, तर सीनची विभागणी करणारं ब्रेकडाउनचं सॉफ्टवेअर ती दोन ठिकाणं धरतं. घड्याळाची वेळही हेडिंगमध्ये नको. आठ वाजून दहा मिनिटं झाल्याचं प्रेक्षकाला कळायलाच हवं असेल, तर ते पात्राच्या मोबाइलवर दिसू द्या.