पारदाचा उत्कलनांक आणि औषधशाळेतील खल

मृदू, मध्य व तीव्र अग्नी हे शब्द रसशास्त्राच्या अभ्यासात आपण सर्वांनी पाठ केले. त्या त्या अग्नीवर द्रव्याचे नेमके काय होते, याचा विचार मात्र परीक्षेनंतर सहसा होत नाही. तो का व्हावा, हे एका रुग्णाने आम्हांस शिकविले. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी बदलापूरहून एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याकडे आले. हातांना कंप, हिरड्यांना सूज, लालास्राव, निद्रानाश आणि वाढलेली चिडचिड अशी लक्षणे होती. आम्ही कंपवाताचे निदान करून चिकित्सा आरंभिली. तीत एक रसकल्पही योजिला. दोन महिने उपशय मिळाला नाही. अखेर व्यवसाय विचारला, तेव्हा ते एका लहान औषधशाळेत कज्जली घोटण्याचे काम करतात, असे कळले. मूत्रातील पारदाचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयास हवा होता, तो आम्ही दोन महिन्यांनी विचारला आणि मधल्या काळात पारदाच्या रुग्णास पारदच दिला.

न उकळताही उडणारा धातू

सामान्य तापमानास द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच : पारद व ब्रोमीन. आपल्याकडील उन्हाळ्यात सीझियम (द्रवणांक २८.४ अंश सेल्सिअस) व गॅलियम (२९.८) हीदेखील वितळतील. पारदाचा उत्कलनांक ३५६.७ अंश आहे. त्यामुळे ‘खलात अग्नी नाही, मग बाष्प कोठून?’ असा समज औषधशाळांतून आढळतो. परंतु ओले धोतर वाळण्यासाठी पाणी उकळावे लागत नाही. द्रवाचे बाष्पीभवन उत्कलनांकाच्या पुष्कळ खालीही चालूच असते.

बंद खोलीतील हवा पारदबाष्पाने पूर्ण संपृक्त झाली, तर २० अंशांस एका घनमीटरमध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम, ३० अंशांस सुमारे ३० आणि ४० अंशांस ६०हून अधिक मिलिग्रॅम पारद असू शकतो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने आठ तासांच्या कामासाठी सुचविलेली मर्यादा केवळ ०.०२५ मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात हवा इतकी संपृक्त क्वचितच होते. तरीही वैशाखातील दुपारी खिडक्या लावून घोटणाऱ्याच्या श्वासात काय जात असेल, याची कल्पना यावरून यावी. या बाष्पास रंग नाही, गंधही नाही.

अग्नीची मात्रा

गंधक ११५ अंशांच्या सुमारास वितळून पातळ, पिवळा द्रव होतो. १६० अंशांच्या पुढे तो काळपट व घट्ट होऊ लागतो. शोधनात मंदाग्नीचा आग्रह का, हे यावरून ध्यानात येते : आच वाढली की वस्त्रातून गाळणे अवघड होते आणि गंधक पेटण्याचे भयही वाढते.

वंग २३२ अंशांस वितळते, पण उकळते सुमारे २,६०० अंशांस. यशद ४१९.५ अंशांस वितळते व ९०७ अंशांसच उकळते. म्हणून जारणात आच अनावर झाल्यास कढईतून पांढरा धूर उठतो आणि तो श्वासात गेल्यास रात्री थंडी वाजून ज्वर येतो. यशदाच्या याच स्वभावाचा उपयोग राजस्थानातील जावर येथे प्राचीन कारागिरांनी केला. मुषा उलटी ठेवून बाष्प खाली आणावयाचे व तेथेच थंड करावयाचे, ही रीत ‘रसरत्नसमुच्चया’तही वर्णिली आहे.

कूपीपक्व रसायनात हाच विचार आहे. कज्जली ‘निश्चंद्र’ झाली नसेल, म्हणजे तीत मोकळा पारद उरला असेल, तर तो ३५७ अंशांच्या सुमारास उकळून निसटतो. गंधकाशी पूर्ण संयुक्त झालेला पारद मात्र सुमारे ५८० अंशांस संप्लवन पावून कूपीच्या गळ्याशी रससिंदूररूपाने जमतो. गळा गंधकाने बुजला, तर आतील दाबाने कूपी फुटते. तप्त शलाका फिरविण्याचे महत्त्व यातच आहे.

आपण काय करावे?

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांची वाफ हा रोजच्या दक्षतेचा विषय आहे. आपल्या औषधशाळांनी मागे का राहावे? मर्दन हवेशीर जागी, वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याजवळ करावे. कामाचे कपडे घरी नेऊ देऊ नयेत. सांडलेला पारद झाडू वा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नये. त्याने थेंब फुटून बाष्प वाढते. कडक कागदाने थेंब एकत्र करून बंद बाटलीत ठेवावेत. मोरीत तर मुळीच सोडू नयेत. आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी वालधुनी व उल्हास या नद्यांकडेच जाते. घोटणाऱ्या कामगारांची मूत्रपरीक्षा ठरावीक काळाने करावी. अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणे हे तर नियमानेच बंधनकारक आहे.

त्या गृहस्थांना आम्ही खलापासून दूर ठेवले व रसकल्प थांबविला. कंप हळूहळू पुष्कळ कमी झाला. अक्षर मात्र पूर्वीसारखे वळणदार राहिले नाही. तेव्हापासून कंपाचा रुग्ण आला, की नाडी पाहण्याआधी आम्ही त्याचा व्यवसाय विचारतो.