लाल त्रिकोण कुठून येतो?

कीटकनाशकाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण हा मुळात उंदरांवरच्या प्रयोगाचा निकाल असतो. औषध पोटात गेल्यावर चाचणीतले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात, तिला मध्यम मारक मात्रा म्हणतात. कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे ही मात्रा दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांत केवडा, भुरी आणि फुलकिड्यांसाठी हंगामभर फवारे चालतात, तेव्हा मजुराला धोक्याची पहिली खूण याच रंगावरून कळते.

ही चाचणी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. एका रसायनासाठी अनेक डझन प्राणी मारले जात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे सुचवली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरावी, प्राण्यांची संख्या घटवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. पण आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या चाचणीसंहितेतून जुनी पद्धत वगळायला २००२ साल उजाडले. तिच्या जागी आलेल्या एका पद्धतीत एका वेळी एकाच उंदराला मात्रा देतात. तो जगला तर पुढच्याला जास्त, मेला तर कमी. सहा ते नऊ प्राण्यांत बहुतेकदा उत्तर मिळते. एवढी साधी सुधारणा व्हायला पाऊण शतक लागले, हे दुःखद आहे.

त्वचा आणि डोळ्यांच्या बाबतीत मात्र प्राणी पूर्णपणे बाजूला ठेवता येऊ लागले आहेत, आणि बागेतल्या माणसाचा संबंध नेमका याच चाचण्यांशी येतो. छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वापरले जाणारे हायड्रोजन सायनामाइड अत्यंत दाहक आहे. पेस्ट लावणाऱ्याचा हात त्यात भरतो. असा दाह मोजण्यासाठी १९४४ पासून ड्रेझ चाचणी रूढ होती. सशाच्या एका डोळ्यात रसायन घालून तो पुढे कित्येक दिवस तपासत. आता शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी त्वचेतील पेशी वाढवून थरावर थर असलेली त्वचा तयार करतात आणि तिच्यावर रसायन ठेवतात. जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याला जांभळे करतात. जांभळेपणा निम्म्यावर आला, तर रसायन दाहक ठरते. डोळ्यांसाठी कत्तलखान्यातून आणलेले कोंबड्यांचे डोळे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला बुबुळाच्या पारदर्शक पडद्यासारखा ऊतीथर वापरतात. सशाच्या कातडीपेक्षा मानवी पेशींचे उत्तर माणसाला अधिक जवळचे, हा यातला मोठा फायदा.

अडचण आहे ती दीर्घकालीन विषारीपणाची. निर्यातीच्या द्राक्षांतले अवशेष यंत्रावर मोजले जातात, त्यात प्राणी नसतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात हे काम चालते. पण रोज किती अवशेष पोटात गेले तर चालतील, हे ठरते ते उंदरांना महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षे, रसायन खाऊ घालून. ज्या मात्रेला अपाय दिसत नाही, तिला सहसा १०० ने भागतात: १० पट फरक उंदीर आणि माणसातला, १० पट माणसामाणसांतला. यकृत, मूत्रपिंड, संप्रेरके आणि गर्भ यांवर एकत्रितपणे होणारा परिणाम पेशींच्या एका थरात दिसत नाही. चिपवर जोडलेल्या सूक्ष्म अवयवांकडून आणि संगणकीय प्रारूपांकडून आशा आहे, पण ती अजून अपुरी आहेत.

भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्या २०१४ मध्ये बंद केल्या. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरच्या आणि चिपवरच्या चाचण्यांना स्थान मिळाले. कीटकनाशकांची नोंदणी मात्र १९६८ च्या वेगळ्या कायद्याखाली होते. त्यामुळे औषधांसाठी झालेला बदल तिथे आपोआप लागू होत नाही.

या नव्या पद्धतींचे आणखी एक काम शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. नोंदणीच्या चाचण्या एका उत्पादनाच्या असतात. बागेत मात्र बुरशीनाशक आणि कीटकनाशक अनेकदा एकाच टाकीत कालवले जाते. अशा प्रत्येक मिश्रणासाठी प्राणी मारणे परवडणारेही नाही आणि योग्यही नाही. पेशींच्या छोट्या तबकड्यांवर मात्र शेकडो मिश्रणे एकाच वेळी तपासता येतात.