जिवाणूंच्या जनुकसंचाचे वाचन
जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला तो १९९५ मध्ये, हिमोफिलस इन्फ्लुएंझाचा. त्याची लांबी सुमारे १८ लाख आधारजोड्या. आज असे वाचन करण्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःचे महागडे यंत्र लागत नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेली मायक्रोब्सएनजी ही सेवा इतर विद्यापीठांचेही नमुने स्वीकारते. संशोधक शुद्ध वाण वाढवून बारकोड लावलेल्या नळीत पाठवतात. त्यात दुसरा जिवाणू मिसळला, तर पुढे डीएनएच्या तुकड्यांची जुळणी फसते. या सेवेच्या प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढून त्याचे तुकडे वाचले जातात. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचल्याने चुका गाळता येतात. मग संगणक तुकडे जुळवून जनुके ओळखतो. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता कोणत्या जनुकांमुळे आली आणि दोन रुग्णांमधला संसर्ग एकाच वाणाचा आहे का, हे त्यावरून तपासता येते.