पौडच्या पावसात मोटरसायकल किती टिकते?

जुनी मोटरसायकल बघायला गेलेला माणूस आधी मीटरवर वाकतो. ‘रनिंग किती झालंय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि आकडा तीस-पस्तीस हजारांच्या आत असला की निम्मा सौदा तिथंच पटतो. या सवयीमागे एक समजूत आहे: गाडीचं आयुष्य म्हणजे इंजिनाचं आयुष्य, आणि इंजिनाचं आयुष्य म्हणजे ठरावीक किलोमीटर. कुणी पन्नास हजार सांगतं, कुणी ऐंशी, कुणी लाख. मला ही समजूत मुळातच अपुरी वाटते आणि मुळशी तालुक्यासारख्या भागात तर ती गिऱ्हाइकाचं नुकसान करणारी आहे. इथं गाडी अंतरानं कमी आणि पाण्यानं, धुळीनं, तुटक वापरानं जास्त झिजते. शेवटी ती दारात कायमची उभी राहते तेव्हाही तिचं इंजिन बहुधा दुरुस्त होण्याजोगं असतं. मीटर यातलं काही सांगत नाही. जुन्या गाड्यांच्या मीटरला तर किलोमीटरचे पाचच आकडे असत. 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येई, आणि केबल तुटली की असेल त्या आकड्यावर वर्षानुवर्षं थांबून राही.

पौड हे तालुक्याचं गाव, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, मुळेच्या काठी. इथल्या गाड्यांच्या वापराच्या ढोबळ तीन तऱ्हा आहेत. एक गाडी रोज पुण्याला नोकरीवर जाते. जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला 18,000 किलोमीटर होतात, म्हणजे साडेपाच वर्षांत लाख. दुसरी पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला जाते. ती रोज पंचवीस किलोमीटर चालली तर लाखाचा आकडा गाठायला तिला तेरा-साडेतेरा वर्षं लागतात. तिसरी गावातल्या गावात फिरते: शेतावर, डेअरीवर, किराणा आणायला, पोरांना शाळेत सोडायला. दिवसाचे दहा किलोमीटर, तेही चार-पाच तुकड्यांत. पंधरा वर्षांनी हिचं मीटर 45,000 दाखवतं. बाजारात ही तिसरी गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून चढ्या भावानं जाते. पण सांभाळ सारखाच असेल, तर किलोमीटरमागे सगळ्यात जास्त हाल हिच्याच इंजिनाचे झालेले असतात.

याचं कारण थंड इंजिनात आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल खाली उतरलेलं असतं. किक मारल्यावर ते वरपर्यंत पोचेतो धातूवर धातू जवळजवळ कोरडाच घासतो. थंडीत चोक ओढला की जादा पेट्रोल आत जातं, त्यातलं काही न जळताच सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, हे आपल्या लक्षातच येत नाही, कारण ते वाफ होऊन निघून जातं. मात्र त्यासाठी इंजिन आणि सायलेन्सर नीट तापावे लागतात. डेअरीपर्यंत जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ही वाफ सायलेन्सरच्या पोटात आणि ऑइलच्या चेंबरमध्ये थंड होऊन बसते. पावसाळ्यात अशा गाडीच्या ऑइलचं झाकण उघडून पाहावं: आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर धरलेला दिसतो. तो ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्याचा. पुण्याला तासभर पळणारी गाडी हे पाणी रोजच्या रोज उडवून टाकते. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल लिटरभरही नसतं आणि पिस्टन, क्लचप्लेटा, गिअर या सगळ्यांना तेवढंच पुरवायचं असतं. म्हणून ‘गाडी वर्षात तीन हजारच चालली, आता कशाला ऑइल बदलायचं?’ हा हिशेब उलटा आहे. कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर न बघता महिने बघून बदलायला हवं, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्कीच. ते मोटरसायकलचंच घ्यावं, डब्यावर ‘जॅसो एमए’ लिहिलेलं. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यानं बाईकची क्लचप्लेट घसरू लागते.

धुळीचं गणित याहून सरळ आहे. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुटमार्गे पौडकडे येणारा रस्ता डंपरांचा आणि सततच्या कामांचा. त्यावर उडणारी धूळ बरीचशी सह्याद्रीच्या काळ्या दगडाची भुकटी असते आणि त्या दगडातली खनिजं सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. एअर फिल्टर फाटका, नीट न बसवलेला किंवा गाळानं भरून वाकडा झालेला असेल, तर ही भुकटी प्रत्येक फेऱ्यात आत ओढली जाते आणि रिंगा व बोअर घासत राहते. मग गाडी ऑइल खाऊ लागते, मागून निळसर धूर येतो, चढाला दम लागतो. बहुतेक जण ‘इंजिन संपलं’ म्हणतात ते याच टप्प्यावर. खरं तर फिटरच्या दृष्टीनं हे इंजिनाचं नेहमीचं काम आहे. लेथवर सिलिंडर पाव मिलिमीटरनं मोठा करायचा, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. पुढच्या वेळी अर्धा मिलिमीटर, मग पाऊण. चालू मॉडेलच्या गाडीला याचा खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. ज्या भागाची इतकी व्यवस्थित दुरुस्ती होते, त्यालाच आपण गाडीचं आयुष्य मानून बसलो आहोत. आणि ही सगळी झीज टाळणाऱ्या फिल्टरची किंमत मात्र पेट्रोलच्या दोन-चार लिटरांएवढी असते.

जे सहजी परत येत नाही ते म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि पौडच्या पश्चिमेला त्याच्यावर येणारा मारा जबर आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 25 जुलै 2024 रोजी ताम्हिणीला एकाच दिवसात साडेपाचशेहून अधिक नोंदला गेला. पौड या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि इथल्या गाड्या दोन्हीकडे जातात. आवणीच्या दिवसांत गाडी बांधापर्यंत न्यावीच लागते, पाठीवर युरियाची गोणी असते आणि खाचरातला चिखल मडगार्डच्या आतल्या कडेला, बॅटरीच्या पेटीखाली, मागच्या चिमट्याच्या सांध्यात जाऊन बसतो. वरून गाडी धुतली तरी तो तिथंच राहतो आणि ओल धरून ठेवतो. गंज रंगाच्या आतून चालू होतो. बाहेर पहिला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा अर्धा गेलेला असतो. स्टँडचा बोल्ट, फूटरेस्टची पट्टी, सायलेन्सरचं बूड, चिमट्याच्या आतली पोकळी, या जागा हातानं चाचपून पाहायच्या असतात आणि त्या कुणी पाहत नाही. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं चिखल निघतो हे खरं, पण तोच फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या कोनसेटवर जवळून मारला तर ग्रीस जाऊन पाणी आत शिरतं. साध्या पाइपानं खालून धुणं, उन्हात वाळवणं, चेनला आणि सांध्यांना ऑइल देणं, एवढं चार महिने नियमानं केलं तर गाडीला कैक वर्षं मिळतात. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, बुश या झिजायच्याच वस्तू आहेत. त्या बदलत राहायच्या, त्यावर अधिक बोलण्यासारखं नाही.

मग लोक म्हणतील, राजदूत आणि येझदी तर लोखंडाच्या भक्कम गाड्या होत्या, त्या का उरल्या नाहीत? इथं तिसरी गोष्ट येते: सुटे भाग. म्हैसूरचा येझदीचा मूळ कारखाना 1996 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी यामाहा आरएक्स 100 चं उत्पादन थांबलं. गवळ्यांची लाडकी एम-80 सुद्धा गेली. गाडी मजबूत असून भागत नाही. तिची क्लचप्लेट तालुक्याच्या दुकानात मिळाली पाहिजे. उलट हिरो होंडाच्या 1985 च्या सीडी 100 मधलं 97.2 सीसीचं इंजिन घ्या. 1994 मध्ये ते स्प्लेंडरमध्ये आलं, 2010 च्या अखेरीस हिरो आणि होंडा वेगळे झाले तरी सुधारणा होत होत चालूच राहिलं. परिणाम असा की वीस वर्षांच्या स्प्लेंडरचा पिस्टन आज कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतो आणि प्रत्येक फिटरला ते इंजिन पाठ असतं. याच जातीच्या इंजिनाचं मूळ जिच्यात आहे ती होंडाची सुपर कब 1958 मध्ये निघाली आणि 2017 पर्यंत तशा दहा कोटींहून अधिक गाड्या बनल्या. व्हिएतनामपासून आफ्रिकेपर्यंत ती टिकली, त्यात तिच्या साधेपणाचा वाटा आहेच, पण जिथं जाईल तिथं तिचे भाग मिळाले याचाही तेवढाच आहे. म्हणून टिकाऊ गाडी हवी असेल तर मी भक्कम दिसणारी गाडी सुचवणार नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असलेली सुचवीन.

दहा-वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या दणकट, आताच्या पत्र्याच्या, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिच्यातलं निम्मं खरं नाही. आजचं ऑइल, बेअरिंगं आणि धातूचं मशिनिंग पूर्वीपेक्षा चांगलं आहे. आज दिसणाऱ्या जुन्या गाड्या भक्कम वाटतात याचं एक कारण असं की कच्च्या होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या, उरलेल्याच आपल्याला दिसतात. उरलेलं निम्मं मात्र विचार करायला लावणारं आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराचं बीएस-6 मानक लागू झालं आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. गाडी सेन्सर आणि छोट्या संगणकावर चालू लागली. इंजिन उलट नेटकं चालतं, धूर कमी झाला. पण सेन्सर बिघडला किंवा उंदरानं वायरिंग कुरतडलं की तपासणीचं यंत्र नसलेला गावचा फिटर हतबल होतो आणि अख्खा संच बदलावा लागतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही असंच. 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग त्यासाठी बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यानं लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभी ठेवायची गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. माझ्या मते नव्या गाड्यांचं आयुष्य यापुढे धातूवर कमी आणि गावोगावच्या फिटरांना प्रशिक्षण व यंत्र मिळतं की नाही यावर जास्त ठरेल. कंपन्यांनी याकडे द्यायला हवं तेवढं लक्ष दिलेलं दिसत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जुन्या गाड्या प्रदूषण करतात, त्यांचे ब्रेक जुने असतात, मग त्या टिकवायच्याच कशाला? टू-स्ट्रोक गाड्यांच्या बाबतीत मला हे मान्य आहे. त्यांच्यात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. रोजच्या वापरातून त्या गेल्या हे बरंच झालं. मानेपाशी चीर गेलेला किंवा सांध्यात गंजलेला सांगाडा वेल्डिंग करून चालवणं हा तर जिवाशी खेळ आहे, तिथं गाडीला रजा दिलीच पाहिजे, भले मीटर वीस हजार दाखवो. पण सुस्थितीतली फोर-स्ट्रोक गाडी, नीट ट्यून केलेली, वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी, निव्वळ वयामुळे मोडीत काढण्यात मला अर्थ दिसत नाही. नवी गाडी बनवायला लागणारं पोलाद, ॲल्युमिनियम आणि वीज यांचाही धूर कुठंतरी निघतच असतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी कायम केली ती तिथल्या हवेमुळे. मुळशी खोऱ्यातल्या डेअरीच्या फेरीला तोच नियम लावायचं कारण नाही. महाराष्ट्रात तशी बंदी नाही आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याची मूळ रचना मला अधिक शहाणपणाची वाटते: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी, पुढं तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवायची.

ही तपासणी मात्र खरी व्हायला हवी आणि लोकांच्या आवाक्यातही. 1 एप्रिल 2022 पासून दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 300 वरून 1000 रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि शहरातल्या परिवहन कार्यालयात जाण्यासाठी पडणारा कामाचा खाडा. तहसील पौडात आहे, परिवहन कार्यालय नाही. पंधरा-वीस हजार किमतीच्या गाडीसाठी एवढं करायला शेतकरी किंवा पाळीचा कामगार तयार होत नाही. मग चांगली गाडी एक तर भंगारात जाते, नाहीतर मुदत संपलेल्या कागदांवर गावातल्या गावात फिरत राहते. दुसरी वाट जास्त धोक्याची आहे. अशा गाडीचा विमा सहसा संपलेलाच असतो आणि तिनं कुणाला धडक दिली तर जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर किंवा पगारावर येतो. पौडात ठरलेल्या दिवशी तपासणीचं शिबिर भरवून सांगाडा, ब्रेक, हँडलचा कोनसेट आणि धूर या चारच गोष्टी काटेकोरपणे पाहिल्या, नापास गाडीला तिथंच मोडीचं प्रमाणपत्र दिलं आणि पास झालेलीला त्याच टेबलावर विम्यासह कागद करून दिले, तर बांधावरून येणाऱ्या गाड्या तिथं रांग लावतील.