ऐकतो कोण – कान की डोळे?

परळ-लालबागच्या एखाद्या शाळेत नव्या बाई हजेरी घेत आहेत अशी कल्पना करा. तेलुगू आडनावाचा एक मुलगा उत्तर देतो आणि बाई म्हणतात, ‘अरे वा, मराठी छान बोलतोस की!’ मुलगा गोंधळतो. त्याचे पणजोबा गिरणीत विणकामाला तेलंगणातून आले होते. तो मात्र इथल्याच चाळीत वाढलेला. मग बाईंना आश्चर्य का वाटले?

बोलण्याची ढब रक्तातून येत नाही. ती कानांवाटे येते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतला फरक इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ओळखता येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता येईना. जे ध्वनी कानी पडतात त्यांसाठी कान तयार होतो, इतरांसाठी तो बोथट होतो. पुढे घराबरोबरच सवंगड्यांचे हेलही मूल उचलते.

बेने इस्रायली ज्यूंचेच उदाहरण घ्या. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 सालचे. आडनावे पेणकर, रोहेकर अशी कोकणातल्या गावांवरून आलेली आणि मातृभाषा मराठी. 1948 नंतर त्यांतील बहुतेक जण इस्रायलला गेले, ते ही मराठी बरोबर घेऊनच. धर्म ऐकून आपण एक भाषा गृहीत धरतो आणि निराळीच ऐकू आली की चकित होतो.

एवढ्यावरच थांबले तर बिघडत नाही. पण आपली अपेक्षा ऐकण्यातही ढवळाढवळ करते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन स्त्रीच्या आवाजातील व्याख्यान ऐकवले. काहींना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना चिनी चेहऱ्याच्या स्त्रीचे. 1992 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : चिनी चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परके वाटले आणि व्याख्यानही कमी समजले. आवाज मात्र तोच होता!

तोंडी परीक्षेत आपलेही असे होत नसेल कशावरून? आम्ही एक प्रयोग सुचवतो. सर्व मुलांचे एकाच उताऱ्याचे वाचन ध्वनिमुद्रित करा. समोरासमोर गुण द्या. महिन्याभराने नावे न पाहता, क्रम बदलून, तेच मुद्रण ऐका आणि पुन्हा गुण द्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. गुण कोणाचे बदलले, आणि सारखे एकाच दिशेने बदलले का, ते तपासा. ही परीक्षा मुलांची नाही, आपल्या कानांची आहे.