ओझं कुठं ठेवावं?

१९७१ साली 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन या दोन भारतीय संशोधकांचा एक निबंध छापून आला. प्रश्न साधा होता. सपाट जमिनीवर तेच ओझं सात तऱ्हांनी वाहिलं, तर शरीराला कुठली तऱ्हा स्वस्त पडते आणि कुठली महाग? ओझं ३० किलोचं. चालणाऱ्याचा श्वास मोजायचा, प्राणवायू किती खर्ची पडला ते काढायचं. डोक्यावर, पाठपिशवीत, पुढे-मागे विभागून, कपाळपट्ट्यावर शेर्पा नेतात तसं, पाठीवर पोत्यासारखं, कावडीनं आणि नुसत्या हातांत, अशा त्या सात तऱ्हा.

पालघर-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्याला यातल्या बहुतेक तऱ्हा घराबाहेर पडलं की दिसतात. सातपाटीची कोळीण चुंबळीवर पाटी ठेवून चालते, जंगलाकडून येणाऱ्या बायकांच्या डोक्यावर मोळी असते, कावड अजून पुरती गेलेली नाही, आणि बाजारातून दोन हातांत दोन पिशव्या तर आपण सगळेच आणतो. म्हणून हा निबंध हाती लागल्यापासून मला सोडवत नाही.

निष्कर्ष असा : सगळ्यांत स्वस्त पडलं ते छाती आणि पाठ यांवर निम्मं-निम्मं वाटलेलं ओझं. त्याच्या अगदी जवळ, दुसऱ्या क्रमांकावर, डोक्यावरचं. पाठपिशवी त्यामागून. कावड बरीच मागे पडली आणि हातांत धरून नेणं सर्वांत महाग ठरलं. बाजाराच्या पिशव्यांनी बोटं आणि खांदे का भरून येतात, याचा जबाब इथं आहे.

सध्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून आलेली तरुण मुलं पाठीवर वजन घेऊन भराभर चालताना दिसतात. रकिंग म्हणतात त्याला. अमेरिकी सैन्यातून निघालेला व्यायाम आहे. तिथं पायदळाचं 'एक्स्पर्ट इन्फन्ट्रीमन' हे मानचिन्ह मिळवायला ३५ पौंडांचं ओझं घेऊन १२ मैल तीन तासांत कापावे लागतात. 'गोरक' ही तिकडची कंपनी २००८ मध्ये एका माजी सैनिकानं काढली, तिचं नाव या मुलांना पाठ असतं. दत्ता आणि रामनाथन ही नावं मात्र एकालाही ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यांतल्या रामनाथन यांनी १९६४ साली त्वचेचं सरासरी तापमान काढायची एक सोपी रीत मांडली : छाती, दंड, मांडी, पोटरी अशा चारच जागा मोजा आणि पहिल्या दोन्हींना प्रत्येकी ०.३, उरलेल्या दोन्हींना ०.२ वजन द्या. जगभरच्या प्रयोगशाळा आजही ती वापरतात. घामाच्या प्रदेशात ओझ्याचा अभ्यास करणाऱ्याला असाच माणूस सोबती हवा.

डोक्यावरच्या ओझ्यावरून पुढे मोठा वाद झाला. १९८६ साली 'नेचर'मध्ये मॅलोय आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचं काम छापलं. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा शक्ती न खर्चता नेतात, असं त्यात होतं. जग थक्क झालं. २०१० मध्ये रे लॉइड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा बायकांवर मोजमाप केलं, तेव्हा चित्र पालटलं. डोक्यावरचं ओझं पाठीवरच्यापेक्षा सरासरीनं स्वस्त निघालं नाही. बाईगणिक फरक मात्र प्रचंड, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनंही तो ठरत नव्हता. मी लॉइडच्या बाजूनं आहे. 'त्यांना काही वाटत नाही, सवय असते' हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारलं जातं, आणि मानेचं दुखणं त्याखाली झाकलं जातं.

आपल्या याच पालघर पट्ट्यात एका ओझ्याचा हिशेब रक्तानं लिहिला गेलाय. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली गवतकापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये मागितले. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो गवत. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे तो लढा मराठी वाचकाला माहीत आहे. गवत किती पौंड निघालं ते सावकार तोलत होता. ते कापणाऱ्या-वाहणाऱ्या शरीराला काय पडलं, हे तोलणारा दत्ता-रामनाथन यांचा निबंध त्यानंतर २६ वर्षांनी आला.

आता रकिंग सुरू करणाऱ्याच्या पिशवीकडे यायचं, तर आधी दुसरा एक दस्तऐवज पाहावा लागतो. १९७७ साली पँडॉल्फ, गिवोनी आणि गोल्डमन यांनी ओझं घेऊन चालण्याला किती शक्ती लागते याचं सूत्र छापलं. यातले बारूख गिवोनी हे इमारती आणि हवामान यांचे अभ्यासक. उष्ण प्रदेशात घर कसं बांधावं यावरचं त्यांचं पुस्तक वास्तुशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. तोच माणूस सैनिकाच्या पाठीवरच्या ओझ्याचंही गणित मांडतो, हे मला विलक्षण वाटतं. सूत्रात चालणाऱ्याचं वजन आहे, ओझं आहे, वेग आहे, चढ आहे आणि जमिनीचा गुणांक आहे. डांबरी रस्ता १, मऊ वाळू २.१.

७० किलोचा माणूस धरून मी ते आपल्या भूगोलावर चालवून पाहिलं. ताशी ५ किलोमीटर वेगानं बोईसर-तारापूरच्या डांबरी रस्त्यावर रिकाम्या पाठीनं सुमारे ३०८ वॅट लागतात. पाठीवर ७ किलो घेतले की ३२९. वाढ जेमतेम ७ टक्के. तेच ७ किलो आणि तोच वेग केळव्याच्या कोरड्या, मऊ वाळूत : ५७४. आणि डांबरावरच, पण दर शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल, तर ७०० च्या पुढे. नवशिक्याला पाठीवरचे किलो दमवत नाहीत, जमीन दमवते. ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू सोपी असते, तिथं चालावं. कोरड्या वाळूत आणि पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्गाला जाताना वजन निम्मं करावं.

या सूत्रात एक गोष्ट कुठेच नाही : पिशवी. ओझं शरीरावर नेमकं कुठं बसलंय, हे सूत्राला कळत नाही. ते दत्ता-रामनाथन यांना कळलं होतं. हातातलं ओझं महाग, छाती-पाठीवर वाटलेलं स्वस्त, कारण दुसऱ्यात ओझं शरीराच्या मध्यरेषेजवळ राहतं. पहिली पिशवी घेताना एवढंच तपासायचं. वजन पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांदरम्यान राहतं का? चालताना हलतं का?

म्हणून २० ते २५ लिटरची, अंगासरशी बसणारी पिशवी पुरे. मोठ्या ट्रेकिंगच्या पिशवीत थोडं वजन तळाशी जाऊन लोंबतं, कंबर मागे ओढतं आणि माणूस पुढे वाकतो. पट्टे रुंद हवेत, छातीवरचा आडवा पट्टा हवा. पट्टा पिशवीला जिथं जोडलाय तिथले टाके बोटांनी ओढून पाहावेत. स्वस्त पिशवी तिथंच उसवते. पिशवी दुरुस्त करणाऱ्याकडून तिथं नायलॉनची पट्टी आणि आणखी एक शिवण मारून घेतली, तर घरातलं जुनं दप्तरही चालतं. पुढे-मागे वाटलेलं ओझं प्रयोगात जिंकलं खरं, पण मी ते नवशिक्याला सुचवणार नाही. छातीवरच्या पिशवीमुळे पायाखालचा दगड दिसत नाही आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम सुकायला पाठही नाही, छातीही नाही.

वजनासाठी महागड्या प्लेटी मागवायची गरज नाही. या पट्ट्यात फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १० मिलिमीटर जाड पोलादी पट्टी सुमारे ४.७ किलो भरते. कडा घासून घ्यायच्या, जाड कापडात गुंडाळायची आणि खाली टॉवेलाची घडी ठेवून वर, पाठीशी बसवायची. तेवढ्याच वजनाच्या वाळूला जवळपास तीन लिटर जागा लागते आणि ती सरकते.

सुरुवात शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शानं करावी. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानं शाळकरी मुलांसाठी हीच मर्यादा घातली आहे. सूत्रात ओझं आणि शरीर यांच्या गुणोत्तराचा वर्ग येतो, त्यामुळे ओझं तिप्पट केलं की खर्चाची वाढ तिपटीवर थांबत नाही. आमच्या ७० किलोच्या माणसाला डांबरावर ७ किलोंनी २१ वॅट जादा लागले होते, २१ किलोंनी ७७ लागतात.

उताराबद्दल मात्र हे सूत्र चुकतं, ते उतरणीसाठी बांधलेलंच नाही. उतरताना दम कमी लागतो आणि गुडघ्यांवर मार जास्त बसतो. काळदुर्गाला जायचं असेल तर पोलाद घरी ठेवावं आणि वजन पाण्याचं न्यावं, लिटरला एक किलो. वर पोचल्यावर पोटभर प्यावं, सोबतच्यांना द्यावं, उरलेलं झाडाच्या बुंध्याशी ओतावं आणि रिकाम्या पाठीनं खिंडीत उतरावं.