प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ (पोवळी) आणि त्यांच्यासोबत मासे, कोळंबी, शंख, समुद्रपुष्पे व सूक्ष्मजीव एकत्र वाढवण्यासाठी उभारलेली काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची टाकी होय. केवळ समुद्री मासे ठेवलेल्या मत्स्यालयाहून ते वेगळे असते. येथे प्रवाळ हे मुख्य असून मासे दुय्यम असतात. प्रवाळाला प्रकाश, पाण्याचा प्रवाह आणि पाण्याचे रसायन या तिन्ही बाबतींत स्थैर्य लागते. समुद्रात हे स्थैर्य पाण्याच्या अफाट साठ्यामुळे मिळते. दोनशे लिटरच्या टाकीत ते पालकाला रोज राखावे लागते.

या विषयाच्या ज्ञानात हौशी पालकांचा आणि त्यांच्या स्थानिक मंडळांचा मोठा वाटा आहे. प्रवाळाचे तुकडे करून ते एकमेकांना देण्याची प्रथा या मंडळांत रुजली. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ काढण्याची गरज काही प्रमाणात कमी झाली. तुकड्यांपासून प्रवाळ वाढवण्याचे हेच तंत्र आज नष्ट होत चाललेल्या प्रवाळभित्तिकांच्या पुनरुज्जीवनासाठीही वापरले जाते.

इतिहास

१८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही प्रवाळ लंडनला नेऊन घरी जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतले जाई. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे हा छंद लोकप्रिय झाला. मात्र उष्ण कटिबंधातील प्रवाळ टाकीत दीर्घकाळ जगवणे त्यानंतर शंभर वर्षे जवळजवळ अशक्यच राहिले.

१९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. टाकीत यांत्रिक गाळणीऐवजी त्यांनी समुद्रातील सच्छिद्र खडक ठेवले होते. त्या खडकांवरील जीवाणू व इतर सूक्ष्मजीवच पाणी शुद्ध करीत. हवेचे बुडबुडे आणि भरपूर प्रकाश एवढीच त्याला जोड होती. असे खडक पुढे ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवंत खडक या नावाने ओळखले जाऊ लागले.

जिवंत खडक, प्रोटीन स्किमर आणि तीव्र प्रकाश यांचा मेळ घालणारी पद्धत जर्मनीत विकसित झाली व ‘बर्लिन पद्धत’ म्हणून प्रसिद्ध पावली. पीटर विल्केन्स यांनी प्रवाळाच्या सांगाड्याला लागणारे कॅल्शियम चुन्याच्या निवळीतून पुरवण्याची युक्ती रूढ केली. बर्लिनमधील डीट्रिख स्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे इतर पालकांना दिले. त्या तुकड्यांचे पुढील तुकडे देशोदेशी गेले आणि त्या प्रवाळाला स्ट्यूबर यांचेच नाव चिकटले. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरगुती प्रवाळ मत्स्यालयाची ओळख करून दिली. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतील सागरी मत्स्यालय मंडळांचा महासंघ स्थापन झाला.

रचना व उपकरणे

टाकीत खडकांची मांडणी केली जाते. खडकांच्या पृष्ठभागावर व छिद्रांत जीवाणूंची वसाहत होते. अनेक पालक मुख्य टाकीच्या खाली ‘सम्प’ नावाची दुसरी टाकी ठेवतात. मुख्य टाकीतील पाणी ओसंडून तीत उतरते आणि पंपाने पुन्हा वर चढते. तापक, प्रोटीन स्किमर व इतर उपकरणे सम्पमध्ये बसवली जातात.

प्रोटीन स्किमरमध्ये अत्यंत बारीक बुडबुड्यांचा स्तंभ तयार केला जातो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांना चिकटतात, फेसाबरोबर वर येतात आणि एका पेल्यात साचतात. समुद्रकिनाऱ्यावर लाटा फुटताना दिसणारा फेस याच तत्त्वाने बनतो. त्यामुळे ही द्रव्ये कुजून विषारी होण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढता येतात.

भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून प्रवाळ मत्स्यालयातील दिवा केवळ शोभेचा नसतो. प्रवाळाच्या दृष्टीने तो अन्नाचा स्रोत असतो. समुद्रात खोलवर निळा प्रकाश अधिक पोहोचतो, त्यामुळे सध्याच्या एलईडी दिव्यांत निळ्या रंगाचे प्रमाण जास्त ठेवलेले असते. प्रवाळ जागचा हलत नसल्याने त्याच्यापर्यंत अन्न व प्राणवायू नेण्याचे आणि त्याच्यावरील मळ धुऊन काढण्याचे काम प्रवाह करतो. त्यासाठी पाण्यात स्वतंत्र पंप लावले जातात.

पाण्याचे रसायन

पाणी तयार करण्यासाठी नळाचे पाणी थेट वापरले जात नाही. त्यातील क्लोरीन, तांबे, नायट्रेट व फॉस्फेट हे प्रवाळांना घातक ठरतात. व्युत्क्रम परासरण (आरओ) आणि आयनविरहितीकरण या प्रक्रियांनी शुद्ध केलेल्या पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवले जाते. स्वयंपाकाचे मीठ यासाठी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात.

सामान्यतः पुढील पातळ्या राखल्या जातात :

• लवणता : दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार
• तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस
• पीएच : ८.० ते ८.४
• अल्कलिनिटी : ७ ते ११ जर्मन अंश
• कॅल्शियम : दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
• मॅग्नेशियम : दर लिटरला १२५० ते १३५० मिलिग्रॅम

या मर्यादांमधील नेमका कोणता आकडा निवडला, यापेक्षा निवडलेला आकडा स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे असते. अल्कलिनिटी ८ वर स्थिर असलेल्या टाकीत प्रवाळ चांगले वाढतात आणि १० वर स्थिर असलेल्या टाकीतही वाढतात. मात्र ती दोनतीन दिवसांत ८ वरून ११ वर नेल्यास तेच प्रवाळ मरू शकतात.

नायट्रोजन चक्र. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो अत्यंत विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेशा संख्येने नसतात. त्यांची वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकी स्वच्छ व रिकामी दिसते आणि तीत मासे सोडण्याचा मोह होतो. नवशिक्यांच्या टाकीतील पहिले मृत्यू बहुधा याच घाईमुळे होतात.

कॅल्शियम व अल्कलिनिटी. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधताना प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरावीक प्रमाणात उचलतो. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा साठा. ती २.८ अंशांनी घटली, तर कॅल्शियम दर लिटरला सुमारे २० मिलिग्रॅमने घटते. अल्कलिनिटीतील घट टक्केवारीने मोठी असल्यामुळे ती आधी लक्षात येते. म्हणूनच अनुभवी पालक ती वारंवार मोजतात. भरपाईसाठी चुन्याची निवळी, कॅल्शियम व अल्कलिनिटी यांची दोन स्वतंत्र द्रावणे किंवा कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने प्रवाळवाळू विरघळवणारे यंत्र वापरले जाते.

बाष्पीभवन. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी; क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी लागते. खारे पाणी ओतल्यास लवणता दिवसेंदिवस चढत जाते.

जीवांची निवड

सुरुवातीला मऊ प्रवाळ निवडले जातात. त्यांना दगडी सांगाडा नसल्याने रसायनातील चढउतार ते अधिक सहन करतात. त्यानंतर मोठ्या बहुशुंडकांचे आणि शेवटी अ‍ॅक्रोपोरासारखे लहान बहुशुंडकांचे अश्ममय प्रवाळ ठेवले जातात. प्रवाळ एका जागी स्थिर असले तरी निरुपद्रवी नसतात. काही जाती रात्री लांब दंशशुंडके पसरून शेजारच्या प्रवाळाला मारतात. त्यामुळे दोन प्रवाळांमध्ये अंतर ठेवावे लागते.

माशांमध्ये विदूषक मासा (क्लाउनफिश) सर्वांत परिचित आहे. तो हॅचरीत सहज वाढवला जातो. पिवळा टँग हा मासा मात्र २०१५ मध्ये हवाई येथील संशोधकांनी प्रथमच बंदिस्त पाण्यात अंड्यापासून वाढवला. इंडोनेशियातील बांगाई बेटांपुरता मर्यादित असलेला बांगाई कार्डिनल मासा मत्स्यालयांसाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे धोक्यात आला. त्यामुळे मासा विकत घेताना तो समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीत जन्मलेला, हे विचारणे आवश्यक मानले जाते.

नवा मासा काही आठवडे स्वतंत्र टाकीत विलग ठेवला जातो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध परिणामकारक असले, तरी ते कोळंबी, शंख व प्रवाळ यांना मारते. म्हणून हा रोग प्रवाळांच्या टाकीत शिरल्यानंतर तेथे तांब्याचे औषध वापरता येत नाही.

धोके

वीज खंडित झाल्यास प्रवाह थांबतो, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि काही तासांत मासे गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. तापक चालू स्थितीत अडकल्यास पाणी तापते; प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाले बाहेर टाकतो व पांढरा पडतो. समुद्रातील प्रवाळ विरंजनही याच प्रकारे घडते.

पॅलिथोआ व त्याच्या जवळच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. असे जीव असलेला खडक उकळू नये, उघड्या हातांनी घासू नये. उकळताना निघालेल्या वाफेमुळे माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना घडल्या आहेत. हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण वापरण्याचा सल्ला दिला जातो.

मत्स्यालय मंडळे

स्थानिक मंडळ साधारणतः महिन्यातून एकदा भरते. सभेत एखादे व्याख्यान, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी आणि प्रवाळांच्या तुकड्यांची देवघेव होते. वर्षातून काही वेळा सभासदांच्या घरच्या टाक्या पाहण्याचा कार्यक्रम ठेवला जातो. प्रकाशमापकासारखी महाग उपकरणे मंडळ सामाईक विकत घेते आणि सभासद ती आळीपाळीने नेतात. सभासद परगावी गेल्यास दुसरा सभासद त्याच्या टाकीची देखरेख करतो.

तुकडा काढण्यासाठी प्रवाळाची फांदी हाडे कापण्याच्या कात्रीने तोडतात व सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने चिनीमातीच्या लहान बैठकीवर चिकटवतात. काही आठवड्यांत प्रवाळ बैठकीवर पसरतो व स्वतंत्रपणे वाढू लागतो. असा तुकडा आनुवंशिक दृष्ट्या मूळ प्रवाळाशी एकरूप असतो.

काही मंडळांत तुकडा विनामूल्य दिला जातो. तो वाढल्यावर त्याचा तुकडा पुढच्या सभासदाला विनामूल्य द्यावा, एवढीच अट असते. कोणाचा तुकडा कोणाकडे गेला याची नोंद ठेवली जाते. या प्रथेला केवळ औदार्याचे मूल्य नसते. एखाद्या पालकाची टाकी विजेअभावी किंवा रोगाने नष्ट झाली, तरी तिच्यातील प्रवाळ इतर घरांत जिवंत राहतात आणि त्यांचे तुकडे मूळ पालकाला परत मिळू शकतात. ज्याने आपल्या प्रवाळाचे तुकडे कोणालाच दिलेले नसतात, त्याचा प्रवाळ मात्र टाकीबरोबर कायमचा जातो.

संवर्धनाशी संबंध

फ्लोरिडातील केन नेडिमायर हे मत्स्यालयांसाठी मासे पकडण्याचा व जिवंत खडक वाढवण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या खडकांवर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ आपोआप रुजले. त्या प्रवाळांचे तुकडे करून ते वाढवण्याच्या कामातून २००७ मध्ये प्रवाळ पुनरुज्जीवनासाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. फ्लोरिडातीलच मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांना असे आढळले, की प्रवाळाचे अगदी लहान तुकडे केल्यास ते मोठ्या तुकड्यांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने चंद्रप्रकाश, तापमान व दिवसाची लांबी यांचे ऋतुमानानुसार अनुकरण करून बंदिस्त प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले.

२०१४ पासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अश्ममय प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग पसरला. तेव्हा निरोगी प्रवाळ समुद्रातून काढून अमेरिकेतील अनेक मत्स्यालयांत विखरून ठेवण्यात आले. एका ठिकाणी नाश झाला तरी वंश टिकावा, हे हौशी मंडळांच्या देवघेवीतील तत्त्वच येथे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

या छंदाने समुद्राची हानीही केली आहे. फिलिपिन्समध्ये मासे पकडण्यासाठी सायनाइडचा वापर झाला व त्यात प्रवाळही मेले. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातील शैवाल १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले व पुढे दूरवर पसरले. त्यामुळे मत्स्यालयातील कोणताही जीव, शैवाल वा पाणी समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात सोडू नये, हा सर्व मंडळांचा नियम असतो.

भारतातील स्थिती

भारतात प्रवाळभित्तिका प्रामुख्याने कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आढळतात. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही प्रवाळ आहेत.

अश्ममय प्रवाळ, काळे प्रवाळ व सागरी पंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले आहे. समुद्रातून ते काढणे व त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. शोभेसाठी विकले जाणारे मृत प्रवाळही त्यातून सुटत नाहीत. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. अश्ममय प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार परवान्याविना करता येत नाही. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीची तरतूद केली आहे.

या कारणांमुळे भारतात सागरी मत्स्यालयाचा छंद सुरू करणाऱ्यासाठी कृत्रिम किंवा कोरडे खडक आणि हॅचरीत जन्मलेले मासे हा सुरक्षित मार्ग ठरतो. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या अनेक जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. अशा माशांमुळे प्रवाळभित्तिकेवरून एकही जीव न उचलता सागरी मत्स्यालय उभारता येते.